टीमस्टेप्स 3.0: साहित्य फुकट, पण सगळ्यांना एका खोलीत बसवणार असाल तरच घ्या

अमेरिकेची आरोग्यसेवेच्या दर्जावर काम करणारी सरकारी संस्था एएचआरक्यू आणि तिथलं संरक्षण खातं यांनी 2006 मध्ये आणलेला हा प्रशिक्षणक्रम. 2023 ची 3.0 आवृत्ती त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, टेक्निशियन यांनी एकमेकांशी नेमकं कसं बोलायचं, याचा सराव त्यातून करून घेता येतो.

सगळ्यात कामाचा भाग एसबारचा, म्हणजे पेशंटची माहिती चार पायऱ्यांत सांगण्याचा: परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, आपली मागणी. रात्री आरएमओंना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) फोन करायचा तो असा: "सर, बेड 7, सिझेरियनला 3 तास झालेत, बीपी 84/50, पल्स 128, अर्ध्या तासात पॅड भिजलं. जुळी होती, हिमोग्लोबिन आधीच 8.6. गर्भाशय ढिलं लागतंय, पीपीएच वाटतंय. लगेच या, तोवर मी दुसरी लाइन टाकून क्रॉसमॅचला रक्त पाठवते." (पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव; क्रॉसमॅच म्हणजे द्यायचं रक्त जुळतं का याची तपासणी.) गाडी अडते ती तिसऱ्या पायरीवर. निदान करणं आपलं काम नाही, या समजुतीने सिस्टर "बीपी कमी आहे" एवढंच सांगतात, पलीकडून "सलाईन लावा, बघतो" असं उत्तर येतं आणि मोलाची वेळ जाते. म्हणून सरावात शेवटच्या दोन पायऱ्या प्रत्येकाकडून मोठ्याने बोलून घ्याव्यात.

तोंडी ऑर्डर परत म्हणून दाखवण्याचा सरावही सोडू नये. "पोटॅशियम 20 द्या" यातले 20 म्हणजे मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियमचं प्रमाण) की मिलि (द्रवाचं माप)? आपल्याकडच्या नेहमीच्या 10 मिलि अँप्यूलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट असतात. म्हणजे मिलि समजून दिलं तर डोस थेट दुप्पट. "20 मिलिइक्विव्हॅलंट, 500 मिलि सलाईनमध्ये, 4 तासांत, बरोबर?" असं विचारायला पाच सेकंद पुरतात. समोरच्याचं "बरोबर" ऐकल्याशिवाय अँप्यूल फोडायची नाही.

शंका दोनदा स्पष्ट मांडायची, तरी ऐकलं नाही तर वरिष्ठांना कळवायचं, हा नियम उत्तम आहे. पण सीनियर सर्जन स्वतः सरावाला बसले नाहीत, तर ऑपरेशन थिएटरमध्ये नवी सिस्टर तोंड उघडणार नाही. डॉक्टरांचं सत्र वेगळं आणि नर्सिंगचं वेगळं घेतलं तर निम्मा उपयोग तिथेच संपतो.

उणिवाही आहेत. व्हिडिओतले वॉर्ड अमेरिकन, माणसं भरपूर. आपल्या वॉर्डात पेशंटला हलवणाऱ्या मावशी आणि मामा, रात्रभर उशाशी बसलेले नातेवाईक, यांना त्यात जागा नाही. हे प्रसंग आपणच लिहून घालावे लागतात. सगळे धडे दोन दिवसांत उरकण्याचा मोहही टाळावा. आधी फक्त एसबार घ्यावं, वॉर्डात रुळलं की पुढचं. सहा जणांचा मिश्र गट, 10 मिनिटांचा प्रसंग आणि त्यावर निदान तेवढीच चर्चा. वेळ दुपारी अडीचची बरी: ओव्हर (पाळी बदलताना पुढच्या सिस्टरना द्यायची पेशंटची माहिती) देऊन झालेली असते, सकाळच्या सिस्टर अजून निघालेल्या नसतात आणि ओपीडीही ओसरलेली असते.