फाट्यापर्यंत लांबायचं की गावठाणालगत वाढायचं? डोंगरातल्या गावासाठी दोन वाटांची तुलना

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा. कोल्हापूरच्या पश्चिमेला डोंगरात वसलेल्या कुठल्याही गावात जा, नवीन घरं कुठं बांधायची हा प्रश्न आज ना उद्या ग्रामसभेत येतोच. भावाभावांच्या वाटण्या झालेल्या असतात, जुन्या घरात दोन चुली मावत नाहीत, पुण्या-मुंबईला असलेली पोरं चार पैसे साठवून गावाकडं बांधायला निघालेली असतात. पन्हाळ्याच्या बाजूला तर बाहेरचे लोक आठवड्याच्या सुट्टीपुरत्या घरासाठी गुंठे विचारत फिरतात.

वाटा दोनच असतात. एक म्हणजे घरं मुख्य रस्त्याच्या कडेनं फाट्याकडं सरकत जाणं. दुसरी म्हणजे गावठाणाला लागून, जुन्या गल्ल्या पुढं नेत वाढणं. पहिली वाट कुणी ठरवत नाही, ती आपोआप घडते. दुसरी ठरवल्याशिवाय होत नाही. म्हणूनच कागदावर काही नसलं तरी निर्णय मात्र रोज होत असतो, एकेक खरेदीखतागणिक.

लोक रस्त्याला का जातात, हे आधी नीट समजून घ्या. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. गावठाणात गोठ्याला जागा नाही, उकिरडा कुठं घालायचा यावरून भांडणं, ट्रॅक्टर बोळात शिरत नाही, आजारी माणसाला खाटेवरून फाट्यापर्यंत आणावं लागतं. रस्त्याला घर असलं की १०८ ची गाडी दारात येते, वडापची जीप दारात थांबते, पुढं एखादं दुकान काढता येतं, विजेचा खांबही जवळ असतो. घर बांधणाऱ्या एकट्या माणसाचा हिशेब धरला तर रस्त्याकडेची जागा सरळ सरळ फायद्याची आहे.

गावाचा हिशेब मात्र वेगळा निघतो, आणि डोंगरात तो चढावर निघतो. सपाटीवर माणूस तासाला साधारण ५ किलोमीटर चालतो. चढाला दर १० मीटर उंचीमागं एक मिनिट जादा धरायचं. समजा, फाट्याजवळचं घर गावातल्या शाळेपासून दीड किलोमीटर लांब आणि ६० मीटर खाली आहे. पोराला शाळेला जायला चोवीस मिनिटं लागतील. गावठाणालगतचं घर ३०० मीटरवर आणि १५ मीटर खाली असलं तर पाच मिनिटांत पोरगं वर्गात. नकाशावर दोन्ही घरं ‘गावातच’ दिसतात.

त्यातून आपल्या जिल्ह्यातलं गाव म्हणजे दूध. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालायला जावंच लागतं. गोकुळची गाडी ठरल्या वेळेला येते आणि निघून जाते. आषाढात डोक्यावर खोळ, एका हातात दहा लिटरची किटली, पायाखाली चिखल आणि वळणावर समोरून येणारी एसटी, असं रोज दोनदा जाणं-येणं कुणाच्या वाट्याला येतं? बहुतेक घरांत बाईच्याच. गाव चालण्याजोगं आहे का, हे मी तिच्या पायांवरून मोजतो. मोटरसायकल असणाऱ्या पोराला विचारलं तर त्याला सगळंच जवळ वाटतं.

पाण्याचंही तेच. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळानं द्यायचं आहे. डोंगरात टाकी वर असते आणि नळ खाली उतरत जातात. दर १० मीटर उतारामागं नळातला दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोनं वाढतो. वस्ती रस्त्यानं खाली लांबत गेली की शेवटच्या घरांजवळ जोड निखळतात, आणि टाकीजवळच्या घरांत थेंब थेंब येतं. दोष वॉटरमनचा म्हणून शिव्या त्यालाच बसतात. खरं कारण वस्तीच्या आकारात असतं. दिव्याचे खांब, गटारं, कचऱ्याची गाडी यांचा खर्चही असाच लांबीबरोबर वाढतो, आणि तो ग्रामपंचायतीच्या माथी येतो.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. रस्त्याकडेला जागा सपाट करायची म्हणजे जेसीबी लावून डोंगराचा पायथा कापायचा आणि निघालेली माती पुढच्या बाजूला ढकलून भराव करायचा. घराचा अर्धा भाग कापलेल्या कड्याखाली, अर्धा भरावावर. गगनबावड्याकडं वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. एवढं पाणी कापलेल्या भागातून आत मुरतं तेव्हा वरचा उतार सुटतो आणि खालचा भराव बसतो. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३ ही दरडीखाली गेलेल्या गावांची नावं कुणाला सांगायला नकोत. तिथली कारणं जागोजागची वेगळी होती, पण उतारात पाणी मुरलं की काय होतं ते त्यांनी दाखवलं. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. रस्ता खचतो तिथं रस्त्याच्या काठावरची घरं कशाच्या भरवशावर उभी असतील?

आता गावठाणालगतची वाट. तिच्याबद्दल गोड गोड बोलून चालणार नाही, कारण ती अवघड आहे.

कायद्याची एक सोय मात्र आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला, तिथं लागू असलेल्या आराखड्यात बसत असेल तर, वेगळी बिगरशेती परवानगी काढावी लागत नाही. म्हणजे २०० मीटरचा हा पट्टा गावाच्या वाढीसाठी जवळपास तयारच आहे. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली असेल तर हद्द कुठं आहे यावर वाद घालायचं कारणही उरत नाही.

अडचणी पुढं सुरू होतात. या पट्ट्यातली जमीन पाच-सात भावकीत वाटलेली असते, कुणी रस्त्यापुरती चार फूट सोडायला तयार नसतो. उतारावर प्लॉट पाडायचे तर दगडी ताली, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंती, घालाव्या लागतात, आणि त्यांना पैसा लागतो. वरच्या घराचं सांडपाणी खालच्याच्या परसात उतरतं आणि दोन पिढ्यांचं बोलणं बंद होतं. उताराचा नियमही पाळायला हवा. एकास पाचपेक्षा, म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ असेल, तर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत तो डोंगरउतार धरला जातो आणि तिथं बांधकाम करता येत नाही. काही गावांत या नियमानं २०० मीटरच्या पट्ट्यातला बराच भाग गळतो. तो गळू द्या.

एवढं असूनही माझा कौल गावठाणालगतच्या वाढीलाच आहे, एका अटीवर. घराआधी वाट आणि गटार झालं पाहिजे. आधी घरं आणि मग उरलेल्या फटीतून बोळ, हा क्रम आला की तीच कोंडी पुन्हा होते आणि पुढची पिढी पुन्हा रस्त्याला पळते. किमान एक वाट रुग्णवाहिका आणि ट्रॅक्टर शिरेल इतकी रुंद ठेवा, बाकीच्या पायी चालण्याच्या असल्या तरी चालतील. गोठे घरांना चिकटून न ठेवता पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, पाणंदीच्या, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या वाटेच्या, बाजूनं घेतले तर निम्मी भांडणं कमी होतात. त्यासाठी पाणंद आधी मोकळी करून घ्या. मातोश्री पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये त्यासाठीच आली होती.

पायी चालायच्या वाटांवर गावं पैसे घालतात पण चुकीच्या गोष्टीवर. गुळगुळीत पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत शेवाळतो आणि उतारावर म्हातारी माणसं घसरतात. खरबरीत घडवलेला जांभा किंवा झाडूनं रेघा ओढलेला काँक्रीटचा कोबा जास्त धरतो. पायरीची उंची १५ सेंटिमीटर, पाय टेकायला ३० सेंटिमीटर, दहा-बारा पायऱ्यांनंतर किटली खाली ठेवून दम घेता येईल असा टप्पा, आणि एका बाजूला लोखंडी कठडा. जिथं उतार परवडेल तिथं बारास एक असा रॅम्प करा, चाकाची खुर्ची आणि सायकल दोन्ही जातात. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात पंचायतीला आलेल्या पैशातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. बांधील पैशातून सांडपाण्याचं गटार होत असेल तर ते भक्कम झाकणाचं करा. त्या झाकणावरूनच माणसं चालतात.

दुकानदारीसाठी रस्ताच हवा, असंही म्हणतात. जोतिबाला, वाडी रत्नागिरीत, बघा. गाड्या वर थांबतात आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगाला गुलाल-खोबऱ्याची दुकानं रांगेनं चालतात, कारण गिऱ्हाईक पायी आणि हळू जातं. प्रत्येक गावात जोतिबा नाही, हे खरं. पण एसटी थांब्यापासून चावडीपर्यंतची वाट सावलीची आणि नीट असली तर चहाची टपरी, पिठाची गिरणी, दूध संस्था तिच्यावर जगतात.

रस्त्याकडेची वाढ योग्य ठरेल अशी गावंही आहेत. जुन्या गावठाणाच्या डोक्यावर भेगा पडलेला डोंगर असेल, तर तिथं एकही नवीन वीट लावू नका. भूवैज्ञानिकांकडून पाहणी करून घ्या आणि सपाटी असेल तिकडं, मग ती रस्त्याला का असेना, वस्ती हलवा. गॅरेज, वेल्डिंगचं दुकान, काजूचा कारखाना यांनाही फाटाच बरा. विखुरलेल्या वाड्या आणि धनगरवाडे यांना मात्र दोन्हीपैकी काही लादू नका. त्यांना बारमाही पायवाट आणि ओढ्यावर साकव द्या.

ग्रामसभेत विषय घेण्याआधी दोन पावसाळी दिवस बाजूला काढा. अंगणवाडी सेविका, दूध घालणाऱ्या दोन-तीन बायका, शाळेची पोरं आणि काठी घेऊन चालणारा एखादा म्हातारा यांना बरोबर घेऊन फाट्यापासून शाळेपर्यंत आणि गावठाणाच्या कडेनं चाला. कुठं पाणी वाहतं, कुठं दम लागतो, कुठं गाडी अंगावर येते, ते गटनंबरासकट लिहून घ्या. ठराव करताना नवीन घरांची जागा सर्वांत शेवटी लिहा. आधी ओढे, नाल्यांचे काठ आणि कुणी बांधू नये असे उतार, मग वाटा आणि गटारं, आणि त्यातून जे गट उरतील ते घरांसाठी. हा ठराव ग्रामपंचायत विकास आराखड्याला जोडा आणि एक प्रत तलाठ्याकडं द्या, म्हणजे बांधकामाचं प्रकरण आलं की त्या जमिनीतून वाट जाते हे त्याच्या समोर असेल.