सोळा पॅड, आठ महिने: पॅड कंट्रोलर वापरल्यानंतरचा अनुभव

पॅड कंट्रोलर म्हणजे बोटांनी ठोकून कॉम्प्युटरवर ड्रम वाजवायचा, रबरी पॅडचा डबा. पहिल्या दिवशी त्याला यूएसबी केबल लावली, सोळाच्या सोळा पॅड उजळले, मी मोठ्या ऐटीत खालच्या डाव्या पॅडवर बोट आपटलं आणि स्पीकरमधून हूं की चूं नाही. खोक्यावरचं चित्र पाहून वाटतं की आवाज या डब्यातच भरलेला असणार. प्रत्यक्षात डबा मुका असतो. ‘३६ नंबरची नोट, एवढ्या जोरात, या चॅनलवर’ इतकंच तो कॉम्प्युटरला कळवतो; वाजवायचं काम सॉफ्टवेअरमधल्या सॅम्पलरचं, म्हणजे साठवलेले छोटे आवाज (सॅम्पल) वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचं. ही मिडीची, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांशी बोलायची, भाषा १९८३ पासून चालत आली आहे आणि तिच्यातले बहुतेक आकडे अजूनही ० ते १२७ च्या आतच फिरतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. माझ्या डोक्यात ते बसायला तीन आठवडे गेले.

कंट्रोलरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक सगळं चार बाय चार पॅडच्या कुठल्याही यूएसबी कंट्रोलरला लागू पडेल. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर, सोबत एक साधा ड्रम सॅम्पलर. त्याआधी कित्येक वर्षं मी बीट माउसने एकेक चौकोन भरून मांडत होतो.

आवाज यायला लागला तोच विचित्र. किक (पायाने वाजवतात तो मोठा ड्रम) जाडसर पण पोकळ, पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखी. मी सॅम्पल बदलली, इक्वलायझर लावला, हेडफोनवर संशय घेतला. शेवटी रेकॉर्ड केलेला तुकडा उघडून पाहिला तर प्रत्येक ठोक्याला एकावर एक दोन नोटा. माझा कंट्रोलर कॉम्प्युटरला दोन पोर्ट दाखवतो, एक वाजवण्यासाठी आणि दुसरा सॉफ्टवेअरची बटणं चालवण्यासाठी, आणि पॅडचे ठोके दोन्हीकडून जात होते. ट्रॅकचं इनपुट ‘सगळे मिडी इनपुट’ असं ठेवलेलं, म्हणून एकच सॅम्पल एका मिलीसेकंदाच्या फरकाने दोनदा वाजून स्वतःलाच खात होतं. इनपुटला एकच पोर्ट निवडलं आणि किक जागेवर आली. तुमचा आवाज कारण नसताना पोकळ झाला असेल तर इक्वलायझरला हात लावण्याआधी नोटा मोजा.

दुसरा घोळ सप्तकांच्या नावांचा. मिडीची ६० नंबरची नोट एका सॉफ्टवेअरमध्ये सी३, दुसऱ्यात सी४, तिसऱ्यात सी५ म्हणून दिसते. त्यामुळे ‘किक सी१ वर ठेवा’ हा सल्ला ऐकून मी ती भलत्याच सप्तकात ठेवली होती. नावं सोडा, आकड्यांत बोला: ३६ म्हणजे किक, ३८ स्नेअर (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम), ४२ बंद हाय-हॅट (झांजांची जोडी), ४६ उघडी. जनरल मिडी या प्रमाणित यादीत हे आकडे ठरलेले आहेत आणि बरीचशी ड्रम किट तेच पाळतात.

पण आकडे पाळले म्हणून बोटं सुखी होतात असं नाही. खालच्या डाव्या पॅडपासून ३६, ३७, ३८ असे क्रमाने चढत गेलात तर ३८ येतो खालच्या ओळीत तिसरा आणि ४२ बरोबर त्याच्या डोक्यावर. म्हणजे स्नेअर आणि हाय-हॅट एकाच हाताच्या वाट्याला, आणि दोन्ही एकदम वाजवायची वेळ आली की बोटांची गाठ. महिनाभर हे सहन केलं, मग मांडणी मोडली. आता किक डाव्या हाताच्या अंगठ्याखाली, स्नेअर डाव्याच तर्जनीखाली आणि उजव्या हाताला शेजारशेजारचे दोन पॅड, दोन्ही ४२ नंबरचे. दोन पॅडना एकच नोट देता येते हे मला उशिरा सुचलं. दोन बोटांनी आलटूनपालटून वाजवलं की सोळाव्या मात्रांची (सिक्स्टीन्थ नोट, म्हणजे एका ठेक्याचे चार भाग) हाय-हॅट न दमता चालते, शिवाय दोन बोटांचा जोर सारखा नसल्याने तिला आपोआप हलका-भारी डोल येतो. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला बदल हाच.

जोराचा विषय निघालाच आहे तर व्हेलॉसिटीवर, म्हणजे ठोक्याच्या जोराच्या आकड्यावर, जरा थांबतो, कारण पॅड चांगले की वाईट हे माझ्या मते इथेच ठरतं. सुरुवातीला माझं सगळं वाजवणं भांडल्यासारखं ऐकू यायचं. एक पॅड सोळा वेळा हळू ते जोरात असा वाजवून रेकॉर्ड केला आणि आकडे पाहिले: हळू म्हणून मारलेले ठोकेही १०० च्या वर, आणि निम्मे तर थेट १२७. कंट्रोलरच्या एडिटरमध्ये (त्याची सेटिंग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये) व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे किती जोराला किती आकडा हे गणित, बदलला, मग हळू ठोके ३०-४० वर उतरले. (एडिटर उघडा असताना विंडोजवर रीपरला कंट्रोलर सापडत नव्हता; पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमकडे जात होतं. एडिटर बंद करा, मगच वाजवा.)

मग मोह झाला आणि थ्रेशोल्डही (किती जोरापासून पॅड वाजावा ती मर्यादा) अगदी खाली आणला, बोट टेकलं तरी वाजावं म्हणून. परिणाम असा की टेबलावर कप ठेवला तरी क्रॅश झांज वाजायची, आणि एका पॅडवर जोरात मारलं की शेजारचा हळूच कुरकुरायचा. थ्रेशोल्ड दोन पायऱ्या वर घेतला, खाली रबरी चटई घातली. आता भुतं येत नाहीत, पण अगदी नाजूक, जेमतेम ऐकू येणाऱ्या घोस्ट नोटाही येत नाहीत. त्या मी नंतर हाताने घालतो. हा सौदा मला मान्य आहे, प्रत्येकाला असेलच असं नाही.

एका संध्याकाळी मात्र पॅड परत करायचंच ठरवलं होतं. बोट आपटल्यानंतर आवाज इतका उशिरा यायचा की तालात राहणं अशक्य. बफर (कॉम्प्युटर आवाज ज्या तुकड्यांत तयार करतो त्यांची लांबी) ५१२ वरून १२८ सॅम्पलवर आणला. इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप, सेकंदाला ४४,१००; त्या ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ म्हणजे साधारण ११.६ मिलीसेकंद आणि १२८ म्हणजे २.९, तेव्हा फरक पडायलाच हवा होता, पडला नाही. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला. रात्री उशिरा मास्टर ट्रॅकवरची (सगळा आवाज शेवटी जिथून जातो तिथली) प्लगइनं, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, उघडली तर खिडकीच्या तळाशी बारीक अक्षरांत ४०९६ सॅम्पलचा उशीर. जुन्या टेम्प्लेटमधला लिनियर फेज इक्वलायझर मी मास्टरवर तसाच ठेवला होता. तो एकटाच ९३ मिलीसेकंद खात होता आणि शिव्या पॅडला बसत होत्या. तेव्हापासून वाजवायचं टेम्प्लेट वेगळं, मिक्सिंगचं वेगळं. ब्लूटूथ हेडफोन लावून पॅड वाजवायचा विचार तर मनातही आणू नका.

किक ‘टक’ करून अर्ध्यातच तुटत असेल तर सॅम्पलर नोट सुटण्याची वाट पाहतोय. त्याला वन-शॉटवर टाका, म्हणजे एका ठोक्याला सॅम्पल शेवटपर्यंत वाजतं. उघडी आणि बंद हाय-हॅट एकाच चोक ग्रुपमध्ये घाला, म्हणजे बंद वाजली की उघडी गप्प होते. दोन मिनिटांची कामं आहेत, पण केली नाहीत तर किट खोटं वाटतं. पॅडचा आफ्टरटच (पॅड दाबून धरल्यावर जाणारे दाबाचे आकडे) मी ड्रमसाठी बंद ठेवला. दाबाचे हजारो आकडे तुकड्यात साठून एडिट करणं नकोसं होत होतं.

क्वांटाइझबद्दल, म्हणजे ठोके तालाच्या जाळीवर सरकवण्याबद्दल, माझं मत बदललं. आधी सगळं शंभर टक्के जाळीवर बसवायचो, आणि मग माउस काय वाईट होता असा प्रश्न पडायचा. आता ५०-६० टक्के, किकला थोडं जास्त, हाय-हॅटला जवळपास नाहीच. कंट्रोलरवर नोट रिपीटचं (पॅड दाबून धरला की नोट पुन्हापुन्हा वाजवणारं) बटण आहे आणि त्याला स्विंगही देता येतो. स्विंग म्हणजे प्रत्येक दुसरी सोळावी मात्रा थोडी मागे सरकवणं: ५० टक्के म्हणजे सरळ चाल, ६६ च्या आसपास ट्रिपलेटची, म्हणजे तीन समान भागांची, चाल. रॉजर लिन यांनी आकाईसाठी केलेलं एमपीसी६० हे यंत्र १९८८ मध्ये आलं, त्यावरही हेच चार बाय चार पॅड आणि ५० ते ७५ टक्क्यांचा स्विंग होता. आज आपण वापरतो ती मांडणी तिथूनच रुळली. मी ५४ ते ५८ मध्ये रमतो.

आता तक्रारी. पाचव्या महिन्यात वरच्या उजव्या कोपऱ्यातला पॅड एका ठोक्याला दोनदा वाजू लागला. सपोर्टला लिहिलं, सहा दिवसांनी उत्तर आलं: फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. केलं. पॅड सुधारला, पण माझे चारही प्रीसेट (साठवलेल्या मांडण्या) पुसले गेले आणि अपडेटच्या खिडकीत याबद्दल एक शब्द नव्हता. बोटांच्या सवयीवरून मांडणी पुन्हा बसवली, तरी तिसरा प्रीसेट पूर्वीसारखा जमलेला नाही. तुमचे प्रीसेट आजच एडिटरमधून फाइलमध्ये काढून ठेवा.

यूएसबी हबला वेगळा वीजपुरवठा नसेल तर त्यावर हा लावू नका. माझ्याकडे दिवे लुकलुकायचे आणि ऐन रेकॉर्डिंगमध्ये कंट्रोलर गायब व्हायचा. थेट लॅपटॉपला लावल्यापासून एकदाही झालं नाही. नॉब आठ आहेत, वापरतो दोन. १२८ पायऱ्यांत फिल्टर हळू फिरवला की पायऱ्या कानाला जाणवतात, तेव्हा ते काम मी स्क्रीनवरच रेघ ओढून करतो.

वरची ओळ ड्रमसाठी कधीच लागली नाही. रीपरमध्ये जवळपास कुठलाही आदेश मिडी नोटेला जोडता येतो, म्हणून तिथे रेकॉर्ड, थांबा, मेट्रोनोम आणि अनडू बसवले आहेत. रबर सगळ्यात जास्त गुळगुळीत अनडूच्या पॅडचं झालंय.