समुद्रकाठचा खून हवाय, पण कुठला? वहिनींच्या भिशीसाठी

तर झालं असं की आमच्या वहिनींच्या भिशीत आता पैशांबरोबर दर महिन्याला एक पुस्तकही फिरतं, आणि या वेळी पुस्तक निवडायची पाळी वहिनींची. फोन आला, "भावजी, रक्तबिक्त नको हं, समुद्रकाठचं छोटंसं गाव असू दे, चहा असू दे, चार आगाऊ बायका असू देत आणि एक खून, सांगा कुठलं मागवू." म्हणजे थोडक्यात कोझी मिस्टरी. आता इंदूरात समुद्र कुठला, आमच्याकडे पाणी म्हणजे यशवंत सागर तलाव नाहीतर एक दिवसाआड नळाला येणारी नर्मदा, त्यामुळेच की काय आम्हाला समुद्राचं भारी आकर्षण.

रहस्यकथावाल्या अगाथा ख्रिस्तीच घ्या म्हटलं, बाईंचा जन्मच टॉर्कीचा, १८९० चा, इंग्लंडातल्या डेव्हनच्या किनाऱ्यावरचं गाव ते, त्यामुळे समुद्रकाठची हॉटेलं, बंगले, तिथे हवापालटाला आलेली निवृत्त मंडळी हे सगळं त्यांच्या हाडीमाशी. पण त्यांचीही समुद्रकाठची पुस्तकं बरीच आहेत आणि सगळी एकासारखी नाहीत. माझ्या मते खरी लढत दोनच पुस्तकांत, 'पेरिल ॲट एंड हाऊस' आणि 'स्लीपिंग मर्डर'.

पहिलं १९३२ चं. ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर पॉयरो आणि त्याचा दोस्त हेस्टिंग्ज कॉर्नवॉलमधल्या सेंट लू नावाच्या (काल्पनिक) गावात सुट्टीवर, मॅजेस्टिक हॉटेलात. पॉयरो म्हणतोय मी रिटायर झालो, आता काम नको, आणि तेवढ्यात एक तरुण मुलगी भेटते, निक, तिथल्याच कड्यावरच्या जुनाट बंगल्याची मालकीण. बोलता बोलता ती गांधीलमाशी हाकलल्यासारखा हात करते. ती निघून जाते, टोपी मात्र तिथेच विसरते, आणि पॉयरो ती टोपी हातात घेऊन दाखवतो तर कडेला गोल भोक. गांधीलमाशी नव्हती, गोळी होती! मग कळतं की पलंगावरची जड तसबीर पडली, कड्यावरून दगड गडगडत आला, गाडीचे ब्रेक गेले, हे सगळं तिच्याबाबतीत आधीच होऊन गेलंय. पुस्तक इथून जे सुटतं ते थांबत नाही. आतषबाजीची एक रात्र आहे मध्ये, त्याच्या पुढचं सांगत नाही.

पण वहिनींना हवं ते 'गाव' यात कमी आहे. हॉटेल आहे, बंगला आहे, मित्रमंडळी आहेत, कॉकटेलं आहेत, समुद्र खिडकीतून दिसतो आणि बास. किराणावाला, पोस्टवाली, शेजारच्या काकू नाहीत फारशा. बहुतेक मंडळी बाहेरून आलेली.

दुसरं, 'स्लीपिंग मर्डर', छापलं गेलं १९७६ मध्ये, ख्रिस्तीबाई त्याच वर्षी जानेवारीत गेल्या त्यानंतर. लिहिलं होतं मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि तिजोरीत ठेवून दिलं होतं, नवऱ्याच्या नावावर करून. गोष्ट अशी की ग्वेंडा नावाची नवी नवरी न्यूझीलंडहून येते, डिलमथ नावाच्या समुद्रकाठच्या गावात घर घेते, बघताक्षणीच आपलंसं वाटलं म्हणून. मग बागेत तिला पायऱ्या हव्याशा वाटतात, माळी खणतो तर जुन्या पायऱ्या आधीच तिथे. दिवाणखान्यातून जेवायच्या खोलीत जायला दार पाहिजे असं वाटतं, मिस्त्री बघतो तर दार होतंच, कधीतरी लिंपून टाकलेलं. आणि मुलांच्या खोलीसाठी ती मनातल्या मनात एक वॉलपेपर ठरवते, लाल पॉपी आणि निळ्या फुलांचे गुच्छ (पॉपी म्हणजे आपल्या मंदसौरकडची अफूची नव्हे, तिकडे शेतात उगवतात ती लाल). एक कपाट रंग बसून घट्ट झालेलं असतं, ते उघडतात, आत तोच कागद.

हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला कारण रामबागेतल्या आमच्या जुन्या घराचा चुना खरवडला तेव्हा देवघराच्या भिंतीत असाच एक बुजवलेला कोनाडा निघाला होता, आत काही नव्हतं, एक पणती फक्त, पण आई दोन दिवस त्या भिंतीकडे पाठ करून बसली नाही. जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला हे पुस्तक वेगळंच भिडतं, इंदूरचे निम्मे मराठी लोक त्यातलेच.

आणि यात मिस मार्पल आहे, गुन्हे उकलणारी ख्रिस्तीबाईंची म्हातारी. ती तर ग्वेंडाला आधी सांगते की उकरू नकोस, पडू दे झोपलेलं. ऐकत नाहीत म्हटल्यावर मात्र आपल्या डॉक्टरकडून 'समुद्राची हवा घ्या' असं लिहून घेऊन डिलमथला हजर! दुकानात जाऊन गप्पा, चहा, जुन्या मोलकरणींचे पत्ते, आणि मधल्या वेळात ग्वेंडाच्या बागेतलं वेलीसारखं चिवट तण उपटत बसणं. हीच ती वहिनींची आगाऊ बाई. भिशीत अशा किमान तीन आहेत, नावं घेत नाही.

मग तोटा काय? खुनी. मला निम्म्यातच ओळखू आला, आईलाही आला, आणि आई म्हणजे बाबुराव अर्नाळकरांचा झुंझार सोडून दुसरं काही न वाचलेली. 'एंड हाऊस'मध्ये तसं होत नाही, तिथे सगळं डोळ्यांसमोर ठेवलेलं असतं आणि तरी शेवटी आपण डोक्यावर हात मारतो. कोडं म्हणून ते सरस, निर्विवाद. पण भिशीत काय बोलायचं? कोडं सुटलं की विषय संपला. 'स्लीपिंग मर्डर'वर मात्र तासभर भांडता येईल, की जुनं उकरावं की नाही, ग्वेंडानं ते घर विकून टाकायला हवं होतं का, वगैरे.

तिसरं एक नाव भिशीतल्याच कुणीतरी टाकलं, 'ईव्हिल अंडर द सन', १९४१. समुद्र सगळ्यात जास्त कामाला लावलाय तो यात, बेटावरचं हॉटेल, भरतीला पाण्याखाली जाणारी वाट, किनाऱ्यावर उन्हात ओळीनं पडलेली माणसं बघून पॉयरोला शवागार आठवतं ती जागा तर फारच मजेदार. पण कोण किती वाजता कुठे होतं याचा हिशोब इतका की वही घेऊन बसावं लागतं. ज्यांना रेल्वेचं टाइमटेबल वाचायला आवडतं त्यांनी घ्यावं. आणि गाव नाहीच यात, नुसतं हॉटेल.

सध्याच्या काळातलं हवं असेल तर रिचर्ड ऑस्मनचं २०२० चं 'द थर्सडे मर्डर क्लब' आहे, वृद्धांच्या वसाहतीतले चौघं जुने खून सोडवतात, हसवतं छान, पण समुद्र तिथे जवळच्या गावापुरता, म्हणून या यादीत मी नाही धरलं.

तर वहिनी, भिशीसाठी 'स्लीपिंग मर्डर' मागवा. दिवाळीत मुंबईला जाताना अवंतिका एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर एकटीनं वाचायला 'एंड हाऊस' ठेवा, रतलाम येईपर्यंत टोपीपर्यंत पोचाल आणि मग झोप विसरा. ते माझ्याकडे आहे, पण जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेलं, आणि आधीच्या वाचकानं दुसऱ्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलंय. मी खोडरबरानं खोडलं, तरी ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं की दिसतंच. नवीनच घ्या.