लग्नसराई, फायबर आणि एफयूपी : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. नाशिकला इंदिरानगरमध्ये घरीच सेटअप आहे. गंगापूर रोड आणि औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर शूट होतं, फोटोग्राफर मंडळी हार्डडिस्क आणून देतात, मी कट लावते आणि कलरसाठी, म्हणजे रंग नीट करायला, फुटेज पुण्याला जातं. आजकाल 4के शिवाय कोणी शूट करत नाही. साधारण 100 एमबीपीएसच्या बिटरेटला एका कॅमेऱ्याचं तासाभराचं फुटेज 45 जीबी होतं. हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन आणि तीन कॅमेरे धरा, म्हणजे एका लग्नाचा डेटा कुठवर जातो ते लक्षात येईल. तुळशीच्या लग्नानंतर काम सुरू झालं की दम घ्यायला फुरसत नसते. त्याच सुमाराला हे फायबर इंटरनेटचं कनेक्शन घेतलं, आणि आता लग्नसराईचा बराच भाग त्यावर काढल्यावर लिहितेय.

कंपनी प्रादेशिक आहे. नाव लिहीत नाही, कारण ज्याबद्दल लिहायचंय ते थोड्याफार फरकाने सगळीकडे आहे. प्लॅन 200 एमबीपीएसचा, अपलोड आणि डाउनलोड दोन्हीकडे. भाडं हजाराच्या आत, वर 18 टक्के जीएसटी. महिन्याला 3300 जीबी, त्यानंतर 5 एमबीपीएस. या मर्यादेलाच एफयूपी (फेअर युसेज पॉलिसी) म्हणतात. हा 3300 चा आकडा तुम्ही आधी ऐकला असेल. सप्टेंबर 2020 मध्ये जिओफायबरचे ‘ट्रूली अनलिमिटेड’ प्लॅन आले तेव्हा त्यांच्यातही मर्यादा तेवढीच होती, आणि बीएसएनएलच्या भारत फायबरच्या कितीतरी प्लॅनमध्येही हाच आकडा दिसतो.

आधी चांगलं ते सांगते. मर्यादेच्या आत असेपर्यंत कनेक्शन खरोखर उत्तम आहे. लॅन केबल लावून अपलोडला 190 च्या पुढे सहज मिळतात. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खणलेले असताना फायबर तुटली होती, तेव्हा त्याच दिवशी माणूस येऊन जोडून गेला. राउटर बरा आहे. या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

आता एफयूपी. 200 एमबीपीएस म्हणजे तासाला 90 जीबी. पूर्ण वेगाने वापरलं तर 3300 जीबी साधारण 37 तासांत संपतात, आणि महिन्यात तास असतात 720. सामान्य घराला याने काही फरक पडत नाही, हे मान्य. नेटफ्लिक्सवर 4के बघितलं तरी तासाला जास्तीत जास्त 7 जीबी जातात. रोज चार-पाच तास टीव्ही चालला तरी महिन्याला हजारच्या आसपास. पण घरून काम करणारे एडिटर, क्लाउडवर बॅकअप टाकणारे आर्किटेक्ट, दुकानाचे आणि मळ्यातल्या शेडचे कॅमेरे क्लाउडवर चोवीस तास रेकॉर्ड करणारे लोक नाशिकमध्ये कमी नाहीत. 2 एमबीपीएसचा एक कॅमेरा सतत अपलोड करत राहिला तर महिन्याला साडेसहाशे जीबी होतात. चार कॅमेरे लावले की अडीच टीबी गेले, आणि घरात अजून कोणी काही बघितलेलंही नाही. विक्रीला आलेला मुलगा हे सांगत नाही, पण आमच्या कंपनीत अपलोड आणि डाउनलोड दोन्ही मिळून मोजतात.

पहिल्यांदा मर्यादा लागली ती रात्री, एका लग्नाचं 200 जीबीचं फुटेज चढत असताना. क्षणभर नेट गेलं, राउटरवरचा इंटरनेटचा दिवा लाल झाला आणि लगेच हिरवा. बाकी सगळं जागच्या जागी. पॉनचा, म्हणजे फायबरच्या सिग्नलचा दिवा स्थिर, वायफाय पूर्ण. फक्त अपलोडच्या पट्टीखाली, जिथे दोन-सव्वादोन तास दिसत होते, तिथे 89 तास दिसायला लागले. 89 तास म्हणजे पावणेचार दिवस. पुण्याच्या माणसाला मी शब्द दिलेला होता. शेवटी डिस्क पॅक केली आणि सकाळी इथल्या द्वारका चौकातून ट्रॅव्हल्सच्या गाडीत दिली. दुपारपर्यंत ती त्याच्या हातात होती.

लाइनमन येऊन गेला. त्याने फायबर काढून पॉवर मीटरला लावली आणि तारेतून येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा आकडा मला दाखवला. मायनस 20. मायनस 27 पर्यंत चालतं, त्यामुळे लाइन ठणठणीत. “ताई, तुमची लाइन एकदम ओके आहे. वरून प्रोफाइल बदललंय, एफयूपी लागलंय तुमचं. माझ्या हातात काही नाही.” तो प्रामाणिकपणे बोलला आणि बरोबरही बोलला. कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या खात्याला एक स्पीड प्रोफाइल जोडलेलं असतं. कोटा संपला की तिथे 200 च्या जागी 5 लिहिलं जातं. तारेला काहीच झालेलं नसतं.

नेट स्लो झालं की कारण कसं ओळखायचं, हे इथे सांगून ठेवते. बऱ्याच जणांचे राउटर यात विनाकारण बदलले जातात. लॅन केबल लावून पहाटे एकदा आणि रात्री नऊ-दहाला एकदा टेस्ट करा. दोन्ही वेळा आकडा तोच आणि अगदी सपाट आला, अपलोडलाही तेवढाच, तर कंपनीने स्पीड बांधलाय. पहाटे पूर्ण स्पीड आणि रात्री घसरण असेल तर ती गर्दी. स्पीडटेस्टमध्ये बहुतेक वेळा कंपनीचाच किंवा जवळचाच सर्व्हर निवडला जातो, त्यामुळे बाहेरच्या जोडण्या भरलेल्या असल्या तरी आकडा छान दिसतो. म्हणून फास्ट डॉट कॉमवरही बघा. ती टेस्ट नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून होते.

कस्टमर केअरला फोन केला तेव्हा उत्तर आलं, “मॅडम, तुम्ही हेवी युजर आहात. तुमच्यामुळे बाकीच्या ग्राहकांना स्पीड मिळत नाही.” ही गोष्ट मला मनापासून लागली. आपल्यामुळे शेजाऱ्यांचं नेट अडत असेल तर ते मला नकोच होतं. म्हणून मी मुद्दाम लक्ष ठेवलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे याच कंपनीचं कनेक्शन आहे. माझा स्पीड 5 वर आणलेला असताना, म्हणजे मी कोणाचं काही अडवणं शक्यच नव्हतं तेव्हा, रात्री साडेनऊला काकू जिन्यात भेटल्या आणि विचारलं, “अगं, तुझंही नेट असंच गोल गोल फिरतंय का? मालिका पुढेच सरकत नाहीये.” त्यांचा स्पीड रात्री पडत होताच, आणि मला बांधून ठेवल्याने त्यात काडीचाही फरक पडलेला नव्हता.

याचं कारण साधं आहे. घरोघरी येणाऱ्या जीपॉन प्रकारच्या फायबरमध्ये कंपनीकडून येणारी एक तार स्प्लिटरने 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. त्या तारेची क्षमता डाउनलोडला सुमारे अडीच जीबीपीएस आणि अपलोडला सव्वा जीबीपीएस. 64 घरांना 200-200 विकले तर बेरीज 12.8 जीबीपीएस होते. यात फसवणूक नाही. सगळे एकाच वेळी पूर्ण वेग वापरत नाहीत म्हणून तर हजाराच्या आत फायबर मिळते. ताण येतो तो रात्री आठ ते अकरा, सगळ्यांचे टीव्ही एकदम चालू झाल्यावर, आणि तोही डाउनलोडवर. कंपनी जी घाऊक बँडविड्थ विकत घेते तिची किंमतही जीबीवर नसते, एमबीपीएसवर असते. एक तर ठरावीक क्षमता घ्यायची, नाहीतर महिनाभराच्या मोजण्यांतल्या सर्वांत वरच्या पाच टक्के सोडून जी उरते त्या पातळीवर बिल. आणि त्या दुसऱ्या पद्धतीत बहुधा येणारा आणि जाणारा यांपैकी जो प्रवाह मोठा असेल तोच मोजतात. घरगुती ग्राहकांच्या कंपनीत मोठा प्रवाह डाउनलोडचाच असतो. मी रात्री दोन ते सहा अपलोड करते. त्या वेळी तार रिकामी, दिशाही रिकामी. त्या 200 जीबीने कंपनीच्या खर्चात जवळपास काहीच भर पडत नाही. उलट कोणी महिन्याला फक्त चारशे जीबी वापरत असेल, पण सगळे रात्री नऊच्या ठोक्याला, तर गर्दीत त्याचा वाटा माझ्यापेक्षा जास्त. तरी कोटा त्याला कधीच लागत नाही. मुंबई नाक्यावर संध्याकाळी कोंडी होते म्हणून पहाटे तीनच्या गाड्या अडवाव्यात, असा हा नियम आहे.

हे वेगळ्या पद्धतीने करता येतं आणि ते करूनही झालंय. अमेरिकेत कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी बिटटोरेंटच्या (लोकांनी आपसांत फाइल वाटण्याच्या पद्धतीच्या) जोडण्या मध्येच तोडत होती. 2008 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने त्यावर आदेश काढला. नंतर 2010 मध्ये कोर्टाने तो रद्द केला, पण तोवर कंपनीने पद्धत बदललेली होती. नव्या पद्धतीत आधी त्या भागातली जोडणी खरंच भरत आली आहे का ते बघायचं. भरत आली असेल, तर गेली 15 मिनिटं स्वतःच्या वेगाच्या 70 टक्क्यांहून जास्त वापरणाऱ्यालाच रांगेत मागे ठेवायचं, आणि त्याचा वापर उतरला की पुन्हा सोडायचं. कोण काय बघतोय, काय पाठवतोय याच्याशी संबंध नाही. ही सगळी पद्धत 2010 मध्ये आरएफसी 6057 या नावाच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्धही झाली आहे. त्याच कंपनीने 2008 मध्येच महिन्याला 250 जीबीची मर्यादाही लावली होती, तेही खरं. पण गर्दी आवरायला महिन्याच्या कोट्याची गरज नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

आपल्याकडेही याची समज होती. बीएसएनएलच्या डेटावन या जुन्या ब्रॉडबँडच्या काळात काही होम प्लॅनना रात्री 2 ते सकाळी 8 मोजणी नसायची. मोठं डाउनलोड असेल तर गजर लावून उठणारी माणसं मला माहीत आहेत. तेव्हा तांब्याच्या तारेवर जे जमत होतं ते आज फायबरवर न जमण्यासारखं काही नाही.

नियमांचं सांगायचं तर एफयूपीला आपल्याकडे बंदी नाही. नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं दूरसंचार विभागाने 2018 मध्ये स्वीकारली. ती एखाद्या साइटला किंवा ॲपला वेगळी वागणूक देण्याविरुद्ध आहेत. सगळंच सरसकट हळू केलं तर ती तत्त्वं लागू होत नाहीत. पण ट्रायचा, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाचा, 2016 चा निर्देश आहे की मर्यादा किती, त्याआधीचा वेग किती आणि नंतरचा किती हे कंपनीने स्पष्ट सांगायचं, आणि वापर 50, 90 आणि 100 टक्क्यांवर पोचला की ग्राहकाला कळवायचं. मर्यादेनंतरही वेग 512 केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही, असं तेव्हा ठरलं. ब्रॉडबँडची किमान व्याख्या जानेवारी 2023 पासून 2 एमबीपीएस झाली आहे. मला 50 आणि 90 चे मेसेज आलेच नव्हते. शंभरचा आला तो स्पीड पडल्यानंतर.

यावर मी तक्रार केली, डॉकेट नंबर घेतला, आणि उत्तर समाधानकारक नव्हतं म्हणून कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे गेले. हे फुकट आहे. तक्रार सोडवण्याची मुदत संपल्यापासून 30 दिवसांत अपील करायचं, निर्णय 39 दिवसांत यायला हवा. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी घेत नाही, तिकडे मेल करण्यात वेळ घालवू नका. अपिलातूनही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगाला ऐकता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. माझ्या अपिलाचा निकाल अर्धा माझ्या बाजूने लागला. तेव्हापासून मेसेज वेळेवर येतात. रात्रीचा वापर मोजू नका ही मागणी मात्र ‘धोरणात बसत नाही’ म्हणून परत आली. मी ती पुन्हा लेखी दिली आहे, वर लिहिलेल्या सगळ्या हिशेबासकट.

कामाची पद्धत मी बदलली. पुण्याला आता सगळं फुटेज जात नाही. आधी हलकी 1080पी कॉपी जाते, कट पक्का झाला की त्यात वापरलेलेच शॉट मूळ दर्जात पाठवते. डेटा बराच उतरला. कोटा संपलेलाच असेल तर अपलोडच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग 3 एमबीपीएसला बांधून ठेवते. पूर्ण 5 खाऊ दिले तर पिंग, म्हणजे समोरून उत्तर यायला लागणारा वेळ, शेकडो मिलिसेकंदांवर जातो, आणि सासूबाईंचा औरंगाबादला चालू असलेला व्हिडिओ कॉल अडकतो.

टीव्ही, मुलांचे क्लास आणि ऑफिसच्या मीटिंग एवढंच असेल तर हे कनेक्शन बिनधास्त घ्या, मर्यादा तुम्हाला कधी दिसणारही नाही. माझ्यासारखं काम असेल किंवा क्लाउडवर कॅमेरे असतील, तर घेण्याआधी लेखी विचारा की कोट्यात अपलोड धरतात का, कोटा संपल्यावर वेग किती आणि टॉपअपला किती पैसे. आणि सवलत मिळते म्हणून वर्षभराचे पैसे एकदम भरू नका. निदान एक लग्नसराई महिना-महिना भरून काढा, मग ठरवा.