एनव्हीडीए : मराठी वेब वाचायला कितपत कामाचा?

विंडोजवर वेब ऐकत वाचायचं असेल आणि स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, पैसे खर्च करायचे नसतील, तर एनव्हीडीए घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. मात्र तो बसवल्यावर जसा बोलतो तसाच ठेवला, तर मराठी वाचकाची निराशा होते. थोडी मशागत करावी लागते.

ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीएचं काम सुरू केलं. जेम्स टे नंतर सोबत आले, तेही दृष्टिहीन. प्रोग्राम मुक्तस्रोत आणि मोफत आहे. उतरवून घेताना देणगीचं पान येतं, पण देणगी ऐच्छिक आहे. जॉज हा जुना आणि भक्कम पर्याय विकत घ्यावा लागतो. ब्राउझिंगसाठी तेवढा खर्च करण्याची गरज बहुतेकांना पडू नये.

पान उघडलं की एनव्हीडीए ब्राउझ मोडमध्ये असतो. इथे अक्षरं टाइप होत नाहीत, त्या आज्ञा असतात. एच दाबल्यावर पुढचं हेडिंग, १ ते ६ वर त्या त्या पातळीचं हेडिंग, के वर लिंक, बी वर बटन, ई वर लिहिण्याची चौकट, टी वर तक्ता. शिफ्ट जोडला की उलट दिशा. नवख्या माणसाला बहुधा फक्त टॅब शिकवतात, आणि मग तो बातमीपर्यंत पोचण्याआधी मेन्यूच्या साठ लिंका ऐकत बसतो. बातमीच्या पानावर आधी १ दाबावं. बहुतेक ठिकाणी थेट मथळा सापडतो, तिथून इन्सर्ट आणि खालचा बाण दाबला की सलग वाचन सुरू.

लांबलचक पानावर इन्सर्ट-एफ७ ने लिंका आणि हेडिंगांची यादी उघडते, तीत शब्द टाइप करून गाळणी लावता येते. पानात शोधायला इन्सर्ट-कंट्रोल-एफ. यात मराठीची एक खास अडचण आहे. ‘शेतकऱ्यांना’ मधला ऱ्या संगणकात दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. कानाला दोन्ही सारखेच, पण तुम्ही टाइप केलेला प्रकार पानावर नसेल तर ‘सापडलं नाही’ असं उत्तर मिळतं. अशा वेळी नुसतं ‘शेतक’ शोधावं.

आता आवाजाकडे वळू. इन्सर्ट-कंट्रोल-एस दाबून ईस्पीक एनजी हा आवाज देणारा प्रोग्राम निवडा, मग इन्सर्ट-कंट्रोल-व्ही मध्ये मराठी आवाज. तो यांत्रिक आहे, पहिले काही दिवस कानाला खुपतो. पण कळ दाबताक्षणी बोलतो, वेग खूप वाढवला तरी शब्द ओळखू येतात, आणि मधले इंग्रजी शब्द इंग्रजी पद्धतीने उच्चारतो. विंडोजमधला हिंदी आवाज ऐकायला गोड, पण ‘चमचा’ तो हिंदी ‘च’ने म्हणतो. तासन्‌तास वाचायचं असेल तर आम्ही ईस्पीकच सुचवू.

एवढं करूनही काही मराठी पानं इंग्रजी आवाजात बडबडतात, किंवा मजकूर गाळूनच पुढे जातात. दोष एनव्हीडीएचा नसतो. पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण असते, मराठीसाठी ‘एमआर’. साइट बनवणाऱ्याने तिथे इंग्रजीची खूण राहू दिली, की एनव्हीडीए इमानाने इंग्रजी आवाजाकडे वळतो. उपाय त्याच आवाजाच्या सेटिंगमध्ये आहे : भाषा आपोआप बदलण्याच्या पर्यायावरची खूण काढा. त्याहून चांगलं म्हणजे इन्सर्ट-कंट्रोल-पी ने ‘मराठी’ नावाचं वेगळं प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, करून त्यात ही खूण काढा आणि त्याला एक कळ नेमून द्या. सरावासाठी मराठी विकिपीडिया उत्तम : भाषेची खूण बरोबर, हेडिंगंही रीतसर.

अर्ज भरताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चौकटीवर एंटर दाबला की फोकस मोड सुरू होतो, तसा आवाज येतो, आणि मगच अक्षरं टाइप होतात. बाहेर यायला एस्केप. मोड हाताने बदलायला इन्सर्ट-स्पेस. नाव लिहिताना कर्सर पानभर उड्या मारायला लागला, तर तुम्ही अजून ब्राउझ मोडमध्येच आहात. पर्याय निवडल्यावर पुढची यादी बदलली असेल पण जुनंच ऐकू येत असेल, तर इन्सर्ट-एफ५. बाजारभावासारख्या तक्त्यात कंट्रोल-ऑल्ट आणि बाणांनी एकेका घरात फिरता येतं. शीर्षकाची घरं नीट कोड केलेली असतील तर प्रत्येक आकड्याआधी स्तंभाचं नावही कळतं.

काही गोष्टींपुढे मात्र एनव्हीडीए हतबल आहे. नाव न दिलेलं चिन्ह तो नुसतं ‘बटन’ म्हणून वाचतो. बटनासारखा दिसणारा पण बटन म्हणून न कोडलेला तुकडा ‘क्लिक करण्याजोगा’ इतकंच सांगतो. तिथे एंटर चालला नाही तर इन्सर्ट आणि न्यूमपॅडचा भागाकार दाबून माउस तिथे आणावा, मग नुसता भागाकार दाबून क्लिक करावं. कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे हे तपासणारी अक्षरं, फक्त चित्रात असेल तर एनव्हीडीएला तो वाचता येत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधलं पीडीएफ म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा, आणि स्कॅन केलेलं परिपत्रक म्हणजे नुसतं चित्र. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. त्यामुळे अशा साइटला तक्रार लिहिताना विनवणीचा सूर नको. पानाचा पत्ता, कुठली कळ दाबली आणि काय ऐकू आलं, या तीन गोष्टी लिहिल्या की दुरुस्ती करणाऱ्याला नेमकी जागा सापडते.

बँकेचं काम करताना स्क्रीन कर्टन जरूर वापरा. पडदा पूर्ण काळा होतो, शेजारी बसलेल्याला शिल्लक दिसत नाही, आणि तुमचं वाचन चालूच राहतं. हेडफोन मात्र लावा.