प्रोजेक्ट रो हाउसेस, ह्यूस्टन: म्युझियम समजून जाऊ नका

ह्यूस्टनला पाहुणे आले की आपल्या लोकांची यादी ठरलेली असते, नासा, पेअरलँडचं मीनाक्षी मंदिर, गॅल्व्हस्टनचा बीच, आणि कुणाला आर्टबिर्टची आवड असलीच तर मेनिल कलेक्शन. थर्ड वॉर्डचं, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीय लोकांच्या जुन्या वस्तीचं, नाव कुणी काढत नाही, काढलं तर "तिकडे कशाला" हेच ऐकायला मिळतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. देवळात जाताना ज्या हायवे २८८ वरून आपण सुसाट जातो त्याच्याच पूर्वेला, डाउनटाउनपासून अगदी जवळ, होल्मन स्ट्रीटवर प्रोजेक्ट रो हाउसेस आहे, कलेची गॅलरी आणि राहती घरं एकत्र असलेली जागा. तिकीट नाही, फुकट.

दिसतं काय, तर छोटी पांढरी लाकडी घरं एका ओळीत, प्रत्येकाला पुढे ओटा. इकडे याला शॉटगन हाउस म्हणतात, अरुंद घर, खोलीमागे खोली, पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत. आपली चाळ सुटी करून जमिनीवर मांडली तर अशीच दिसेल. १९९३ साली सात कृष्णवर्णीय कलाकारांनी मिळून इथली पडायला आलेली २२ घरं वाचवली आणि तिथून हे सुरू झालं. त्यातलं रिक लो हे नाव जास्त ऐकू येतं, २०१४ ला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली त्याला, तीच ती जीनियस ग्रँट. हा माणूस आधी गरिबी, अन्याय असल्या विषयांवर मोठमोठी चित्रं करायचा. स्टुडिओ बघायला आलेल्या एका हायस्कूलच्या पोराने त्याला सुनावलं की आमच्या वस्तीत काय चाललंय ते आम्हाला माहितीये, तुम्ही क्रिएटिव्ह लोक ना, मग उपाय शोधा की काहीतरी. तिथून त्याचं डोकं फिरलं (चांगल्या अर्थाने). आणि दुसरं नाव, या सातांतलं नव्हे पण ज्यांच्या चित्रांतून प्रेरणा मिळाली ते जॉन बिगर्स, टेक्सस सदर्न युनिव्हर्सिटीचा आर्ट डिपार्टमेंट उभा करणारे चित्रकार, त्यांच्या चित्रांत ही शॉटगन घरं गरिबीची खूण म्हणून येत नाहीत, मानाने येतात. हे माहीत असलं की ही ओळ बघायला वेगळीच मजा येते.

आता मुद्द्याचं. समाज, समता, सगळ्यांना संधी वगैरे बऱ्याच आर्ट संस्था साइटवर छान लिहितात, मला त्यात फार रस नाही, मी बघते जागा कुणाला दिली. इथे काही घरं कलाकारांना मिळतात, अख्खं घर एकेकाला, त्याला राउंड म्हणतात, काही महिने चालतो आणि मग सगळं बदलतं. पण बाकीच्या घरांचं बघा ना. १९९६ पासून इथे शिकणाऱ्या सिंगल आयांसाठी राहायची सोय आहे, कमी भाडं, पोरांकडे बघायला मदत, आणि डिग्री पूर्ण करायला पाठीशी उभं राहणारी माणसं. २००३ ला परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी रो हाउस सीडीसी (कम्युनिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन) म्हणून वेगळी संस्थाच काढली, आणि राइस युनिव्हर्सिटीच्या आर्किटेक्चरच्या मुलांनी डिझाइन केलेली नवीन घरं त्याच जुन्या धाटणीत उभी राहिली. म्हणजे गॅलरी आणि कुणाचं तरी स्वयंपाकघर एकाच आवारात. मला तर इन्स्टॉलेशनपेक्षा हेच जास्त भारी वाटलं, खरं सांगते. इन्स्टॉलेशन हा प्रकारच असा की एखादं डोक्यात घर करतं आणि एखादं डोक्यावरून जातं, त्यामुळे सगळं आवडायलाच हवं असा हट्ट नको.

पटत नाही अशातला भाग नाही पण एक प्रश्न उरतोच. थर्ड वॉर्डमधे आता जुनी घरं पाडून उंच उंच टाउनहाउस येतायत, प्रॉपर्टी टॅक्स वाढतो, पिढ्यानपिढ्या राहिलेले लोक निघून जातात. कलेमुळे वस्तीचं नाव झालं आणि त्या नावामुळेच बिल्डर आले, असं झालं तर? याचं सोपं उत्तर नाही, पण जमीन स्वतःच्या नावावर ठेवणं आणि भाडी आटोक्यात ठेवणं हे तरी या लोकांनी केलंय, नुसतं पॅनल डिस्कशन घेऊन थांबले नाहीत.

गेलात तर एल्डोराडो बॉलरूम चुकवू नका. अ‍ॅना आणि क्लॅरेन्स डुप्री या कृष्णवर्णीय जोडप्याने १९३९ ला हा डान्स हॉल उभा केला, विचार असा की गोऱ्यांच्या क्लबात आपल्या कृष्णवर्णीय लोकांना दारातही उभं करत नाहीत तर आपलाच करू, तोही झोकात. १९९९ ला ही बिल्डिंग प्रोजेक्ट रो हाउसेसला देणगीत मिळाली आणि दुरुस्त होऊन २०२३ ला पुन्हा उघडली. समोरच इमॅन्सिपेशन पार्क, गुलामीतून सुटलेल्या लोकांनी १८७२ मधे वर्गणी काढून जुनटीन्थ (गुलामी संपल्याचा सण) साजरा करायला ही १० एकर जमीन घेतली. त्यामुळे कला, घर, जमीन हे सगळं एकत्र धरायचं या वस्तीला काही नवीन नाही.

दोन सूचना. राउंड चालू आहे का ते आधी साइटवर बघा, मधल्या काळात कलाकारांची घरं बंद असतात. आणि इथे खरंच माणसं राहतात, तेव्हा दिसेल त्या ओट्यावर चढून सेल्फी काढू नका, खिडकीतून डोकावू नका. जुलै-ऑगस्टच्या दुपारी तर अजिबात जाऊ नका, एका घरातून दुसऱ्यात जाईपर्यंत घामाने भिजाल. पाचपैकी साडेचार.