‘विक्रांत’च्या नावाने माझ्या गळ्यात मारलेलं निशाण

माझे वडील नौदलात सिग्नलमन, म्हणजे निशाणांनी संदेश देणारे, होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत तीन सिग्नल निशाणं सापडली, आणि तिथून मला हा नाद लागला. मुंबईत दारुखान्याला जहाजं तुटतात. तिथल्या दुकानांत पितळी दिव्याला, होकायंत्राला भाव येतो, कापडाला कुणी विचारत नाही. निशाणं चिंध्यांच्या पोत्यात जातात आणि गॅरेजमध्ये हात पुसायला वापरली जातात. दहा वर्षांत त्या पोत्यांतून मी अकरा निशाणं सोडवून आणली.

मागच्या डिसेंबरात, नौदल दिनाच्या सुमारास, एका माणसाचा फोन आला. २०१४ साली दारुखान्यात ‘विक्रांत’ ही जुनी विमानवाहू युद्धनौका तोडली तेव्हा त्याचे सासरे कटिंगच्या कामावर होते, आणि १९७१ च्या लढाईतलं निशाण त्यांच्या हाती लागलं, असं त्याचं म्हणणं. हाताने शिवलेलं, लोकरीचं. ‘विक्रांत’ हे नाव आमच्या घरात देवासारखं घेतलं जाई. तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर केलेले हल्ले वडील जेवताना सांगायचे. त्यामुळे फोनवरच माझा घसा दाटून आला. त्या माणसाला तेवढं पुरेसं होतं.

तपासलं नाही असं नाही. पांढरं कापड, तांबडा क्रॉस, वरच्या कोपऱ्यात तिरंगा. १९५० पासून २००१ पर्यंत नौदलाचं निशाण असंच होतं. नमुना बरोबर दिसला आणि मी निर्धास्त झालो. हे साल आपल्याला माहीत आहे, तसं ते बनवणाऱ्यालाही माहीत असणार, हा विचार मनात आला नाही. नांगराचा शिक्का मारलेलं ‘प्रमाणपत्र’ सोबत होतं. ४८,००० रुपये यूपीआयने दिले.

पुढे एका शाळेत माझ्या निशाणांचं प्रदर्शन भरलं. काचेखाली मी सुंदर अक्षरात लिहून ठेवलं, ‘आयएनएस विक्रांत, १९७१’. मालवणकडचे ऐंशी ओलांडलेले एक निवृत्त नौसैनिक आले. ताठ उभे राहिले, सॅल्यूट केला. मग बराच वेळ वाकून बघत राहिले आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “झिला, एकाहत्तरात चढलेला निशाण सत्त्याण्णवापर्यंत उतरलाच नाय काय?”

खारा वारा निशाणाच्या चिंधड्या करतो. जहाजावर एक फाटलं की दुसरं चढतं. ‘विक्रांत’ जानेवारी १९९७ मध्ये सेवेतून निवृत्त झाली, नंतर २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. १९७१ चं कापड २०१४ मध्ये तिच्यावर कुठून सापडणार? सिग्नलमनच्या मुलाला हा प्रश्न पडायला हवा होता.

त्यांनीच मग बोट ठेवून दाखवलं. निशाण आधी फाटतं ते सुट्या टोकाला, कारण वाऱ्यात तेच फडफडतं. माझ्याकडच्या निशाणाच्या त्या टोकाची शिवण धडधाकट होती आणि भोकं होती मधोमध, गोल, कडा करपलेली. उदबत्तीची. पिवळटपणा सगळीकडे सारखा, चहाच्या पाण्याचा. घरी येऊन एक धागा ओढून पेटवला. लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता, सुती असता तर राख पडली असती. तो वितळला आणि काळा, कडक मणी होऊन बसला. पॉलिएस्टर.

नंबर बंद होता. पोलिसांत तक्रार दिली, पण चार महिने उलटून गेले होते. पैसे असे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तासातासाने फरक पडतो. जुने मेसेज उघडले तर त्याच माणसाने ‘कारगिल १९९९’ म्हणून पाठवलेल्या दुसऱ्या निशाणाचा फोटो दिसला. त्यावर क्रॉसच्या मध्यभागी सिंहमुद्रा, खाली ‘सत्यमेव जयते’. मुद्रा आली २००४ मध्ये, अक्षरं २०१४ मध्ये. हा फोटो मी पैसे देण्याआधी पाहिला होता. डोळ्यांपुढे ‘विक्रांत’ होती, म्हणून दिसला नाही.

विकणाऱ्याला विचारा, हे कुठल्या जहाजावरून कधी उतरलं, कुणी उतरवलं, तेव्हापासून कुणाकुणाकडे होतं. हाताळल्याशिवाय, सुटं टोक बघितल्याशिवाय पैसा देऊ नका. आणि खरं निशाण हाती आलं तर धुऊ नका, प्लास्टिकमध्ये कोंबू नका, आम्लविरहित कागद लावून नळीवर गुंडाळा. कुठे, कधी, कुणाकडून मिळालं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. ती हकीकत हरवली की खऱ्या निशाणाचीही चिंधीच उरते.

त्या शाळेत मी पुन्हा गेलो आणि मुलांसमोर काचेखालची ती चिठ्ठी फाडली. एका मुलीने विचारलं, “मग त्या आजोबांनी सॅल्यूट कुणाला केला?” मला उत्तर देता आलं नाही.

ते निशाण मी जाळलेलं नाही. त्याच्या पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने ‘नक्कल’ असं लिहून, कशी ओळखली त्याचा कागद शिवून ठेवला आहे. माझ्यामागे ट्रंक उघडणाऱ्याला ते पुन्हा ‘विक्रांत’चं म्हणून विकता येऊ नये.